साठ माणसं आणि एक वाचनालय : लग्नाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

भाचीचं लग्न ठरलं. दोन्ही घरांचा होकार गेल्या आठवड्यातच आला होता. आज जेवताना ती म्हणाली, "मावशी, कार्यालय नको. आपल्या वाचनालयात करायचं."

या वाचनालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली, शेवटची बारा ग्रंथपाल म्हणून. पुस्तक प्रकाशनं पाहिली, व्याख्यानमाला पाहिल्या, शोकसभाही पाहिल्या. लग्न कधी मनात आलं नव्हतं. तिच्या मनात का आलं हे मात्र विचारावं लागलं नाही. ती आणि होणारा नवरा तीन वर्षं इथल्या अभ्यासिकेत शेजारच्या टेबलांवर बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते. ती ग्राम महसूल अधिकारी झाली, तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घरात सगळे त्याला गुरुजीच म्हणतात, मीही तसंच लिहीन.

आज एवढं नक्की झालं: दोन्हीकडची मिळून माणसं साठ. दिवस थंडीतला. विधी सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे होम नाही. कायद्याची नोंद विशेष विवाह कायद्याखाली. देणंघेणं काही नाही. आखणी माझ्याकडे, म्हणून ही वही.

माझी अट मी तिथेच सांगितली. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लिहिणारे एक श्लोक लिहीत. त्यात पोथी स्वतःच बोलते, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. लग्न म्हटलं की समईचं तेल आलं, फुलांचं पाणी आलं, पुस्तकं उचलून इकडून तिकडे मांडणारी माणसं आली. यातलं काहीही पुस्तकांपर्यंत पोचणार नसेल तरच वाचनालयात लग्न. भाचीने मान हलवली आणि म्हणाली, "म्हणून तर तुला सांगतेय."

२८ सप्टेंबर, रविवार

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. सकाळी शिपायाचा फोन आला, "ताई, उत्तरेच्या भिंतीचं कपाट खालून ओलं लागतंय." मी निवृत्त झाले तरी असा फोन मलाच येतो आणि तो यावा असं मलाही वाटतं.

छपराची तीन मंगळुरी कौलं सरकली होती. पाणी भिंतीतून उतरत उतरत कपाट क्रमांक सातच्या तळाशी आलं होतं. चौदा खंड भिजले, सगळे एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांचे बांधीव अंक. लग्नाचा विषय त्या क्षणी डोक्यातून गेला.

ओलं पुस्तक उघडायचं नसतं. मिटलेलं असेल तसंच दोन्ही हात खाली घालून उचलायचं, कारण भिजलेल्या कागदाला स्वतःचं वजन पेलवत नाही. कण्याला धरून ओढलं तर कणा हातात आणि पानं कपाटात राहतात. लांब टेबलावर टिपकागद अंथरला, खंड उभे केले, पुठ्ठे दोन बोटं फाकवले. पंखे लावले ते भिंतीकडे तोंड करून, वारा थेट पानांवर नको. शिपाई म्हणाला गच्चीवर उन्हात ठेवू. ऊन पडलंच नव्हतं, पण पडलं असतं तरी मी ठेवू दिलं नसतं. उन्हात पुठ्ठा पिळवटतो आणि कागद वेडावाकडा वाळतो तो कायमचा. पानांच्या कडा जराशा सुटू लागल्या की वीस-पंचवीस पानांमागे एक टिपकागद सरकवायचा आणि दर दोन तासांनी बदलायचा. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणजे जे काही करायचं ते पहिल्या रात्रीत.

मदतीला भाची आली, तिच्या मागोमाग गुरुजी आला. रात्री अडीचला मी चहा घेऊन गेले, तेव्हा तो खिडकीच्या गजांना बांधलेल्या सुतळीवर ओले टिपकागद कपड्यांच्या चिमट्यांनी टांगत होता. प्रत्येकाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने खंडाचा क्रमांक लिहिलेला. मी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "कुठला खंड किती पाणी सोडतोय ते कळतं यावरून." चहा पिऊन पुन्हा कामाला लागला. भाचीने माणूस पारखून घेतलाय.

एक गोष्ट नेहमीप्रमाणे आजही दिसली. १८७०च्या आसपासचे खंड चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर छापलेले आहेत. ते भिजूनही चिवट राहिले. शतकाच्या शेवटाकडचे लाकडाच्या लगद्याच्या कागदावरचे. त्या कागदात आम्ल उरतं, तेच त्याला आतून खातं. ते खंड कोरडे असतानाच पापडासारखे मोडत होते. वयाने धाकटे आणि प्रकृतीने म्हातारे.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

नऊ खंड पूर्ण वाळले. दोन अजून गार लागतात. तीन बांधणीला जाणार.

वाचनालयाला सुट्टी, तरी आम्ही तिघं गेलो. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली आणि त्या टेबलावरच पूजा केली. हळदकुंकू पाटीला वाहिलं, पुस्तकांना नुसता नमस्कार.

५ ऑक्टोबर, रविवार

कार्यकारी मंडळाची बैठक. भाचीचा अर्ज मांडला. एक ज्येष्ठ सभासद ठाम विरोधात होते: आज एक लग्न, उद्या बारसं, परवा वाढदिवस, वाचनालयाचं मंगल कार्यालय व्हायला वेळ लागणार नाही. त्यांचा मुद्दा मला पटला आणि तो पटतो हे मी बैठकीत बोलूनही दाखवलं.

रत्नागिरीला १८२८ साली वाचनालय निघालं, नाशिकला १८४०, पुण्याला १८४८, कोल्हापूरला १८५०. त्यांतली काही सुरुवातीला 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने ओळखली जात. गावातल्या दहा-वीस माणसांनी वर्गणी काढायची, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मागवायची, एकाने वाचून दुसऱ्याला द्यायचं. आमचं वाचनालय त्याच घराण्यातलं, बरंच धाकटं. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अनुदान येतं, पण पाया अजूनही वर्गणीदारांचाच. इथे जे होईल ते वर्गणीदाराच्या वाचनाच्या आड येता कामा नये.

मग त्याच धोरणाने अटी लिहिल्या. अर्जदार किमान पाच वर्षं सभासद हवा. वाचनकक्ष अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ बंद राहणार नाही. अभ्यासिका एक मिनिटही बंद राहणार नाही. पोरांनी पैसे भरलेत आणि त्यांचं वर्ष पणाला लागलेलं असतं. वाचनकक्षात खाणं, पिणं, दिवा, उदबत्ती, अक्षता, ओली फुलं नाहीत. लाकडाला खिळा किंवा चिकटपट्टी नाही. वर्तमानपत्रांचे स्टँड त्या दिवशी ओसरीवर, म्हणजे सकाळी आठला येणाऱ्या आजोबांचं काही अडणार नाही. देणगी एकवीस हजार, आणि ती फक्त छपरासाठी.

विरोध करणाऱ्यांनीच शेवटी ठराव मांडला. कपाट सातचं काय झालं हे त्यांनी आत जाऊन पाहिलं होतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन. शाळेची मुलं आली होती म्हणून लग्नाचं काम काहीच झालं नाही. कौलं मात्र बसली. दिवाळीनंतर रिप्या, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, बदलायच्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीला सगळे जमले तेव्हा तारीख निघाली. भाचीला ३ जानेवारी हवी आहे. सावित्रीबाईंचा जन्मदिवस, १८३१चा, आणि जन्मगाव नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. "ज्या बाईमुळे मी अभ्यासिकेत बसू शकले तिच्या वाढदिवशी," एवढंच ती म्हणाली.

आईने, म्हणजे तिच्या आजीने, दाते पंचांग पुढे ओढलं. पौष २१ डिसेंबरला लागतो, १८ जानेवारीला संपतो. पौषात लग्न आमच्या घरात कधी झालेलं नाही. मुलगा दुसऱ्या जातीचा आहे हा प्रश्न आईने दोन वर्षांपूर्वी एका वाक्यात मिटवला होता: पोरगा वाचतो, पीत नाही, झालं. पौषावर मात्र ती अडून बसली. मी काही बोलले नाही. ब्याऐंशी वर्षं तिने जे पाळलं त्याला वाद घालून उत्तर देता येत नाही.

रात्री तिनेच हाक मारली. चष्मा नाकावर, बोट पंचांगाच्या रकान्यावर. "अगं, तीन तारखेला पौर्णिमा आहे. शाकंभरी." शाकंभरी नवरात्राचा शेवटचा दिवस तो. देवीला भाज्यांचा नैवेद्य, करणारे साठ भाज्यांचासुद्धा करतात. आमच्याकडे माझ्या लहानपणी होत असे, मग बंद पडला. "पौषात लग्न नसतं, पण शाकंभरीला देवीच्या दारात शुभच असतं सगळं. आणि वाचनालय म्हणजे सरस्वतीचं दार की." थोडा वेळ हिशेब केला आणि पुढे म्हणाली, "पण पौर्णिमा दुपारी साडेतीनच्या सुमारास संपते. हार त्याच्या आत पडले पाहिजेत."

तेव्हा वेळ चारची तीन झाली. माझ्या दृष्टीने हे फारच चांगलं झालं. जानेवारीत सहा वाजून गेले की सूर्य मावळतो; तीनला लग्न म्हणजे पश्चिमेच्या खिडक्यांतून येणारा उजेड पुरेल, वाचनकक्षात जास्तीचे दिवे लावावे लागणार नाहीत. जुन्या कागदाला प्रखर उजेड सोसत नाही. संग्रहालयांत असा कागद मांडतात तेव्हा उजेड ५० लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद, ठेवतात.

जेवणही आईनेच ठरवून टाकलं. साठ माणसं, साठ भाज्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस दिली. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य लागतं, इथे दोघांचंही आहे. नोटीस तीस दिवस कार्यालयात लागते, हरकत नसेल तर पुढे सह्या. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर सगळं पहिल्यापासून. आपण मुदतीत आहोत. साक्षीदार तीन: आई, गुरुजीची आत्या आणि मी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पत्रिकेचं काम. या दिवसाबद्दल सविस्तर लिहून ठेवते, कारण पुन्हा असा छापखाना बघायला मिळेल की नाही सांगता येत नाही.

भाचीची कल्पना अशी: पत्रिका म्हणजे वाचनालयाचं पुस्तकपत्रक. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी पाकीट असायचं, त्यात पत्रक, शेजारी तारीखपट्टी. आता संगणकावर देवघेव होते, पण तिच्या लहानपणी बालविभागात तेच होतं. पत्रकावर ग्रंथनाम आणि लेखक यांच्या रकान्यांत दोघांची नावं, वर्गांक ३९२.५, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत विवाहाच्या चालीरीतींची जागा. तारीखपट्टीवर आमच्या जुन्या रबरी शिक्क्याने एकच तारीख: ३ जाने २०२६. आणि पत्रक खिळ्यांवर, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे जुळवून, छापलेलं हवं.

चौकशी करत करत तालुक्याच्या गावी एक ट्रेडल, म्हणजे जुनं छपाईयंत्र, सापडलं. मालक पंच्याहत्तरीचे, खिळे स्वतः जुळवतात. मजकूर त्यांनी उलटा, म्हणजे डोक्यावर उभ्या अक्षरांचा, डावीकडून उजवीकडे, आपण वर्तमानपत्र वाचावं इतक्या सहज वाचला. देवनागरीची केस म्हणजे भिंतभर खण: पूर्ण अक्षरं वेगळी, अर्धी वेगळी, वेलांट्या, मात्रा, रफार वेगळे. त्यांचा हात न बघता बरोबर खणात जात होता.

मध्येच हात थांबला. "ळ किती आहेत तुमच्या मजकुरात?" आम्ही मोजले: वेळ, स्थळ, तिळगूळ. चार. त्यांनी खण उपडा केला आणि तळहातावर खिळे घेऊन खिडकीशी गेले. या मापातले धड ळ तीनच होते. बाकीचे झिजलेले, एकाची तर गाठच तुटलेली. नवीन ओतणारं आता जवळपास कोणी नाही.

भाचीने ताबडतोब 'वेळ' शब्द काढला. 'दुपारी ३ वाजता' एवढंच ठेवलं. "वाजता म्हटल्यावर वेळ वेगळी कशाला सांगायची," असं मालक म्हणाले आणि मला ते संपादकाचं वाक्य वाटलं. तिळगूळ राहिला. संक्रांत अकरा दिवसांवर असणार, तिळगूळ पाहिजेच.

पहिलं पत्रक यंत्रातून निघालं तेव्हा त्यांनी ते उलटं करून पाठीवरून अंगठा फिरवला. फार दाब पडला तर अक्षर मागे उमटतं, ते त्यांना नको होतं. दोनदा गादीचा कागद बदलला. तिसऱ्या खेपेला पुढून अक्षर ठसठशीत आणि मागून पाठ गुळगुळीत आली, तेव्हाच सत्तर प्रतींचं काम सुरू केलं. कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या त्यांनी पोत्यात भरून दिल्या. फेकू नका म्हणून मीच मागितल्या, कशाला ते पुढे कळेल.

७ डिसेंबर, रविवार

आज मन फार दुखलं.

सजावटीसाठी एक जण पाहायला आले होते. पुस्तकांचे खांब उभारू, त्यावर दिव्यांच्या माळा, मधोमध कमान असं सांगत होते. हे नाही म्हणून सांगितलं की संपतं. पण त्यांनी नमुना म्हणून पिशवीतून एक गुलाब काढला, जुन्या पुस्तकाच्या पानांचा. किलोवर घेतलेल्या पुस्तकांची पानं गोल कापून गुंडाळलेली, टोकाला हिरवी तार. मी तो हातात घेतला. एका पाकळीवर अर्धी ओळ दिसत होती, कवितेची असावी. पुढचं वळून आत गेलेलं. मी नकळत पाकळी उलगडून पुढचं वाचायला गेले आणि ती फाटली.

निरुपयोगी झालेलं पुस्तक वाचनालयातून काढावंच लागतं. त्याला आमच्याकडे निर्लेखन म्हणतात. त्याची यादी होते, मंडळाची मंजुरी लागते, दाखलनोंद वहीत लाल शाईने शेरा पडतो. मी आयुष्यात हजारो पुस्तकं अशी काढली, एकही न वाचता किंवा न चाळता काढलं नाही. शोभेसाठी पुस्तक कापणं मला सहन होत नाही, आणि मी ते शांतपणे सांगू शकले नाही याचंही मला वाईट वाटत नाही.

नकार भाचीने दिला, माझ्याआधी. संध्याकाळी आम्ही दोघींनी वेगळं ठरवलं. छापखान्यातल्या पट्ट्या आहेतच, कोऱ्या आणि कोरड्या. अभ्यासिकेतल्या चार मुली त्यांच्या साखळ्या आणि पाकळ्या करून देणार आहेत, अभ्यासातून उठल्यावर तेवढंच हाताला काम. कपाटांच्या काचांना काहीही लागणार नाही. साखळ्या जुन्या दिव्यांच्या हुकांनाच अडकवायच्या. लांब टेबलावर लाल मांजरपाट, पोथ्यांचं बासन असायचं तसा. बाकी काही नको. सागवानाची कपाटं आणि कौलारू छताखालची लाकडी कैची हे स्वतःच पुरेसं देखणं आहे.

झेंडू आणि रांगोळी बाहेर, अंगणात. समई ओसरीच्या पायरीवर.

१४ डिसेंबर, रविवार

आहेराचा प्रश्न. "आहेर म्हणून पुस्तक आणा" असं लिहायचं होतं. मी अडवलं. अशी भेट आली की काय येतं ते मी तीस वर्षं पाहिलंय: घरातल्या माळ्यावरचं, कसर लागलेलं, एकाच पुस्तकाच्या नऊ प्रती. ग्रंथदान चांगलंच, पण वाचनालयाला काय हवं ते वाचनालयाने सांगावं.

आजच्या ग्रंथपालांबरोबर बसून साठ नोंदींची यादी केली. बालविभागात वाचून वाचून फाटलेली चोवीस. अभ्यासिकेला लागणारी स्पर्धा परीक्षांची चालू आवृत्तीतली अठरा, कारण जुनी आवृत्ती मुलांचं नुकसान करते. ज्येष्ठांसाठी मोठ्या टाइपातली दहा. शेती, गाय-म्हैस आणि घरदुरुस्तीवरची आठ, जी कायम बाहेरच असतात. प्रत्येक पाहुण्याला एक चिठ्ठी पाठवली. दोनशेपासून पाचशेपर्यंतची पुस्तकं, ज्याला जमेल ते.

२५ डिसेंबर, गुरुवार

रंगीत तालीम. तारीख मुद्दाम निवडली. महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला २४ सप्टेंबर १८७३ला, आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. भटजीशिवाय, मोजक्या खर्चात, हारांच्या आणि शपथेच्या आधारावर. तेही थंडीतलंच लग्न.

फुल्यांनी १८८७मध्ये पूजाविधीचं छोटं पुस्तक काढलं, त्यात मंगलाष्टकं आहेत. ती वर आणि वधू एकमेकांना उद्देशून म्हणतात. निवृत्त मुख्याध्यापिका विधी चालवणार. त्यांनी दोघांकडून तीनदा म्हणवून घेतलं. गुरुजी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणतो, खणखणीत. भाचीचा आवाज पहिल्यांदा बसला. पुढच्या खेपेला तिने कागद बाजूला ठेवला आणि त्याच्याकडे बघून म्हटलं.

ध्वनिवर्धक लागणार नाही. छत उंच आहे, पण चोहीकडे पुस्तकं असल्याने आवाज घुमत नाही.

त्या दिवसांत रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, म्हणून बैठकीला माणदेशी घोंगड्या मागवल्या. लोकर आहे, तीत कीड असू शकते. पूर्ण दिवस उन्हात झोडपून, मगच आत.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

सकाळी अकराला सह्या झाल्या. आईने सही करायला सात मिनिटं घेतली, प्रत्येक अक्षर वेगळं. कायद्याने आज लागलं, आमच्या मनाने उद्या.

दुपारी भाज्या. एकोणसाठ जमल्या: पावटा, कोरेगावचा वाघ्या घेवडा, चंदनबटवा, हरभऱ्याचा पाला, करडई, ओली हळद, शेवग्याची फुलं, अंबाडी… साठावी कोणती यावर आई आणि विहीणबाई तासभर बसल्या होत्या. शेवटी गुरुजीच्या शाळेतली एक मुलगी परसातली घोळ घेऊन आली. मोजणी पुरी. घोंगड्या उन्हातून आत घेतल्या.

३ जानेवारी, शनिवार, पौष पौर्णिमा

आठला वर्तमानपत्रं ओसरीवर. आजोबा मंडळी रोजच्यासारखी आली, वाचून झाल्यावर चार जण थांबली आणि खुर्च्या लावू लागली. ते साठांत नव्हते. जेवायला अर्थातच थांबवलं.

अडीचला माणसं वाचनकक्षात बसली. जोडे बाहेर, हात धुऊन पुसून आत. फ्लॅश नाही हे छायाचित्रकाराने न सांगता पाळलं. दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटावर पडदा.

सावित्रीबाईंचा पहिला कवितासंग्रह १८५४ सालचा. त्यातली एक कविता अभ्यासिकेतल्या मुलीने वाचली आणि मग मंगलाष्टकं झाली. भाची एकदाही अडखळली नाही. तीन वाजून चौदा मिनिटांनी हार पडले. आईने मनगट वर करून घड्याळ पाहिलं आणि मला खूण केली. अक्षता नसल्याने क्षणभर कोणाला काय करावं कळेना. मग एका आजोबांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या. बाहेर अंगणात आल्यावर झेंडूच्या पाकळ्या.

पंगत आंब्याखाली. टेबलांना वर्गांक दिले होते: ६४१ला स्वयंपाकात हात चालणाऱ्या बायका, ६१०ला डॉक्टर मामा आणि त्यांचे मित्र, ७९६.३५८ला क्रिकेटवाले चुलतभाऊ, ७८०ला भजनी मंडळ, ८९१.४६ला मराठी शिकवणारे आणि वाचणारे, ६३५ला बागाईतदार. माझं पान ८९१.४६ला. साठ भाज्यांची एक मोठी भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मसालेभात, गूळपोळी, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या. अभ्यासिकेतले बावीस जण दोन पाळ्यांत जेवले, म्हणजे तिथली टेबलं रिकामी झालीच नाहीत.

सहानंतर पूर्वेला चंद्र आला, मोठा आणि पिवळसर. आई ओसरीवर घोंगडी पांघरून समईजवळ बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "तुझं लग्नसुद्धा असं करायला हवं होतं." मी तिचा हात धरला. तेलाचा होता, म्हणून आत जायच्या आधी माझे हात पुन्हा धुतले.

५ जानेवारी, सोमवार

काल वाचनकक्ष दोनदा झाडला, कपाटांखाली टॉर्च लावून पाहिलं. पाकळी एकही नाही. पाटावरून एक स्ट्रॉबेरी ओसरीपर्यंत आली होती, तिथेच पुसली. साखळ्या उतरवून बालविभागाला दिल्या.

साठपैकी सत्तावन्न पुस्तकं आली. दोघांनी एकच नोंद घेतली होती, ती बदलून मिळेल. तिघांची टपालात आहेत. आज भाची आणि गुरुजी दोघं येऊन दाखलनोंदीला बसले. ती नाव, लेखक, प्रकाशक सांगते, तो क्रमांक घालून शिक्का मारतो: मुखपृष्ठानंतरच्या पानावर, आमच्या ठरलेल्या आतल्या पानावर आणि शेवटी. एकतीस झाली, उरलेली उद्या.

बांधणीला गेलेले तीन खंड परत आले. दोन चांगले आहेत. तिसऱ्याची शेवटची सोळा पानं चिकटलेलीच राहिली. ती सोडवायचा प्रयत्न करू नये असं बांधणाऱ्यांचं म्हणणं, मलाही तेच वाटतं. तिन्ही कपाट सातमध्ये वरच्या फळीवर ठेवले, वेखंडाची पुरचुंडी बदलली.

देणगीतून उत्तरेच्या बाजूच्या रिप्या बदलून झाल्या. पन्हाळीचं काम बाकी. कपाट सातची पुढची तपासणी मे अखेर, वळवाच्या पहिल्या पावसानंतर लगेच.